पत्रातला समुद्र, पुराणातला पाद्री

मराठी वाङ्मयेतिहासात फादर थॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) यांचा प्रवेश होतो तो थेट साष्टीच्या भूमीवर. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, त्यात सुमारे ११ हजार ओव्या आहेत, आरंभी मराठी भाषेची स्तुती आहे आणि ती एका इंग्रजाने केलेली आहे, एवढी सामग्री हाती आली की वाङ्मयेतिहासकाराचे समाधान होते. हा इंग्रज साष्टीत पोचला कसा, कोणाच्या जहाजातून आणि कोणाच्या आज्ञेने, हे प्रश्न चरित्राचा किरकोळ तपशील म्हणून तळटीपेत जातात. वस्तुतः ते संहितेच्या घडणीचे प्रश्न आहेत. प्रवासी स्टीफन्स आणि पुराणकर्ते स्टीफन्स यांच्यामध्ये ३७ वर्षांचे अंतर आहे. या अंतरात निवेदकाचे जे रूपांतर झाले, ते ध्यानी घेतल्याखेरीज ‘क्रिस्तपुराणा’तील मराठीपणाविषयी केलेली विधाने अर्धवट राहतात.

‘मिशन’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पाठवणे’ असा आहे. जाणारा स्वतःहून जात नाही, त्याला पाठवले जाते. जेझुइट संघात तर धर्मकार्यासाठी पोप पाठवतील तेथे जाण्याचे वेगळे व्रतच होते. भारताच्या बाबतीत या पाठवणीला आणखी एक धनी होता. ‘पाद्रोआदो’ या व्यवस्थेनुसार पौर्वात्य प्रदेशांतील चर्चचे पालकत्व पोपने पोर्तुगालच्या राजाकडे सोपवले होते. त्यामुळे धर्मोपदेशक, शिपाई, व्यापारी आणि तोफा एकाच ताफ्यातून निघत. १५७५ मध्ये रोम येथे जेझुइट संघात दाखल झालेले स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले, ते अशाच पाच जहाजांच्या ताफ्यातून. गोव्यास ते २४ ऑक्टोबरला पोचले. या साडेसहा महिन्यांच्या प्रवासाला परतीची बाजू नव्हती. त्यातही स्टीफन्स यांची स्थिती इतर प्रवाशांहून निराळी होती. राणी एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूला जागा नव्हती. त्यांचेच संघबंधू एडमंड कँपियन १५८० मध्ये गुप्तपणे मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १५८१ मध्ये, फासावर गेले. परदेशगमन आणि निर्वासन यांतील सीमारेषा येथे फार पुसट आहे.

गोव्यात उतरल्यावर अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, स्टीफन्स यांनी वडिलांना इंग्रजीत पत्र लिहिले. धर्मोपदेशकाच्या पत्रात वाचकाला जे अपेक्षित असते, ते त्यात फारसे नाही. आत्म्यांच्या उद्धाराची भाषा विरळ आहे आणि समुद्र मात्र पानोपानी आहे. निघतानाचे तुताऱ्यांचे आणि तोफांचे आवाज आहेत. वाटेत एका इंग्रज जहाजाशी उडालेली चकमक आहे. गिनीच्या किनाऱ्याजवळची निर्वात स्तब्धता आणि जीव नकोसा करणारा उकाडा आहे. शार्कच्या अंगाला चिकटून राहणारे मासे आणि पाण्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा तरंगणारा जीव यांची वर्णने एखाद्या निसर्ग-अभ्यासकाच्या टाचणवहीत शोभावीत अशी आहेत. उत्तर-दक्षिण स्थान सूर्यताऱ्यांवरून कळते, परंतु पूर्व-पश्चिम अंतर मोजायला आकाशात स्थिर खूण नाही, ही रेखांशाची अडचण ते नेमकेपणाने मांडतात आणि होकायंत्राच्या सुईचे विचलनही नोंदवतात. रेखांश समुद्रावर खात्रीने मोजता येऊ लागला तो अठराव्या शतकात, हे लक्षात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते.

केप ऑफ गुड होप ओलांडायला उशीर झाला, म्हणून ताफ्याने मादागास्करच्या बाहेरचा, अधिक लांबचा आणि अधिक रोगट मार्ग धरला. पत्रातील सर्वांत अस्वस्थ करणारा परिच्छेद येथे येतो. हिरड्या सुजतात आणि कापून टाकाव्या लागतात, पाय सुजतात, हातपाय हलेनासे होतात आणि माणूस अशक्तपणाने मरतो. आज स्कर्व्ही म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगाचे हे वर्णन आहे. दीडशेहून अधिक आजारी, २७ मृत. इतर वर्षांच्या मानाने ही हानी फारशी मानली गेली नाही, असे ते कोणतीही आळवणी न करता सांगतात. मृत्यूला हौतात्म्याचे वलय देण्याची संधी येथे होती. ती घेतलेली नाही.

प्रवासान्ती गोव्याचे लोक दिसतात ते केवळ बाह्यरूपाने. त्यांचा सावळा वर्ण, आफ्रिकेतील लोकांशी तुलना करून टिपलेली चेहरेपट्टी, कमरेपुरते वस्त्र. ही दृष्टी त्या काळच्या युरोपीय प्रवाशाचीच आहे. या पत्रातल्या गोमंतकीयाला शरीर आहे, वाचा नाही.

पत्राचे पुढे काय झाले, ही कथाही अर्थपूर्ण आहे. रिचर्ड हॅक्लूट या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने ते आपल्या इंग्रज प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले. ज्या राज्यात जेझुइट हा शत्रू होता, तेथे जेझुइटाचे पत्र सागरी मार्गाची माहिती म्हणून वाचले गेले. १५८३ मध्ये राल्फ फिच व त्यांचे सहकारी व्यापारी होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होते. धर्मकार्याचा प्रवास आणि व्यापाराचा प्रवास यांना निराळे करू पाहणाऱ्या अभ्यासकाची येथे पंचाईत होते.

मात्र १५८३ हे वर्ष अधिक महत्त्वाचे आहे ते दुसऱ्या कारणांसाठी. त्या वर्षी जुलैमध्ये साष्टीतील कुंकळ्ळीच्या लोकांनी रोदोल्फो आक्वाव्हिवा यांच्यासह पाच जेझुइटांना ठार केले. त्यामागे १५६७ च्या सुमारास सुरू झालेला साष्टीतील देवळांचा विध्वंस होता. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळणे येथे बोलावून त्यांचा वध केला. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच कार्य करीत होते. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी भाऊ रिचर्ड यांना लॅटिनमध्ये पत्र लिहिले. त्यात येथील भाषांचे उच्चार कानाला अप्रिय नाहीत, त्यांची रचना ग्रीक व लॅटिनशी जुळणारी आहे, असे निरीक्षण येते. विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण भाषाशास्त्राच्या इतिहासात गौरवाने उल्लेखिले जाते. परंतु ते रक्ताने भिजलेल्या वर्षातले आहे, हे सहसा सांगितले जात नाही. चार वर्षांपूर्वी ज्यांना केवळ शरीर होते, त्यांना आता व्याकरण आहे.

‘क्रिस्तपुराणा’त या प्रवासाचे आख्यान नाही. बायबलच्या कथेबरोबर जलप्रलय येतो. लिस्बन ते गोवा हे पाणी मात्र ओव्यांत उतरत नाही. पत्रातील ‘मी’ची जागा पाद्रीगुरू घेतो. तो प्रवासी नाही, तो पुराणिक आहे. समोर श्रोते बसले आहेत, ते शंका विचारतात, तो निरसन करतो. पुराणकथनाचा हा संकेत स्वीकारताना स्टीफन्स यांना आपले समुद्रापलीकडचे मूळ मागे ठेवावे लागते, कारण पुराणिकाचा अधिकार परंपरेतून येतो, प्रवासातून नव्हे. समुद्रोल्लंघन निषिद्ध मानणाऱ्या ब्राह्मण श्रोत्यांपुढे हे मौन आणखीच सूचक ठरते.

तरीही एका ठिकाणी हे मौन फुटते. आरंभीच्या भागात एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की, पूर्वीची पुराणे तुम्ही आम्हांला निषिद्ध केलीत, मग त्यांसारखे दुसरे काही आमच्या भाषेत का रचत नाही? या प्रसंगाचे वाचन साधारणतः ‘लोकांची मागणी’ असे केले जाते. ते अपुरे आहे. मागणी करणाऱ्याच्या तोंडीच आरोप आहे. जुनी पुराणे कोणी हिरावली, याचे उत्तर ज्या ताफ्यातून स्टीफन्स आले त्या ताफ्याच्या धन्याकडे जाते. काव्याने हे वाक्य लपवलेले नाही, ते आपल्या निर्मितीचे कारण म्हणून नोंदवले आहे. ओवीचा लाघवी ओघ आणि त्यामागची सक्ती एकाच पानावर नांदतात.

देशीयतेचा आग्रह धरणारी समीक्षा स्टीफन्स यांना ‘आपलेसे’ करते आणि जहाज विसरते. वसाहतवादाची चिकित्सा करणारी समीक्षा जहाज पाहते आणि ओवी ऐकत नाही. दोहोंपैकी पहिली चूक मराठीत अधिक रूढ आहे व अधिक सोयीचीही, कारण तिच्यामुळे भाषेचा गौरव फुकट पदरात पडतो. वास्तविक राशोलच्या छापखान्यातून हे मराठी काव्य बाहेर पडले तेच मुळी रोमन लिपीत. नागरी अक्षरांचे साचे पाडण्यातल्या अडचणींचा विचार स्टीफन्स यांनी केला होता. १६०८ मध्ये त्यांनी स्थानिक लिपीत छपाईसाठी संघाच्या प्रमुखांकडे परवानगीही मागितली होती. ते घडले नाही. भाषा श्रोत्याची आणि लिपी जहाजातून आलेल्याची, ही विभागणी छापील पानावर उघड दिसते.

ग्रंथानेही पुढे समुद्र ओलांडला. विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडनला स्थिरावलेले देवनागरी हस्तलिखित १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणले. मराठी संतचरित्रांचे इंग्रजी भाषांतर करणारे हे अ‍ॅबट स्वतः अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे दुसऱ्या एका समुद्रमार्गाने आलेले. या हस्तलिखितात रोमन प्रतीतील पोर्तुगीज व लॅटिन धर्मसंज्ञांच्या जागी पुष्कळदा संस्कृत शब्द आढळतात. अ‍ॅबट यांनी नागरी पाठच मूळ मानला. इतर अभ्यासक तो नंतरच्या हाताने केलेला संस्कार समजतात. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून काढलेल्या देवनागरी आवृत्तीनंतरही हा वाद निकालात निघालेला नाही.