किरकोळ खर्च आणि इतर मोठे शब्द

घरखर्चाची वही कुणाचीही असो, महिनाअखेरीला तिच्यात एक ओळ हमखास सापडते : ‘किरकोळ’. भाडे, दूध, किराणा, शाळेची फी, औषधे अशी नावे लिहून होतात, बेरीज मांडली जाते, पाकिटातले पैसे मोजले जातात आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. मग जो काही फरक उरतो तो या ओळीत ढकलायचा. नाव किरकोळ, पण कित्येक वह्यांमध्ये भाड्याखालोखालचा आकडा याच ओळीचा असतो.

शब्द मूळचा कानडी. ‘किरु’ म्हणजे लहान, आणि ‘किरुकुळ’ म्हणजे बारीकसारीक, क्षुल्लक गोष्टी. मराठीने तो या अर्थाने घेतला आणि तसाच वापरला. आजच्या कानडीत मात्र ‘किरुकुळ’चा रूढ अर्थ छळ असा आहे. घरखर्च लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, कानडी अर्थच अधिक खरा ठरेल. ‘चिल्लर’ही दक्षिणेकडचाच : तेलुगूत चिल्लर, कानडीत चिल्लरे, तमिळमध्ये चिल्लऱै. सुट्ट्या पैशांना मराठीत दुसरा शब्द आहे तो ‘मोड’, आणि तो अस्सल घरचा. नोट मोडते. एकदा मोडली की ती उरत नाही, हे त्या क्रियापदातच आले. मोठी नोट होता होईतो मोडायची नाही हा जुन्या गृहिणींचा नियम याच शब्दातून आला असावा असे मला वाटते, निदान त्या शब्दाने तो नीट लक्षात ठेवला.

आता वहीच्या डाव्या बाजूकडे. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च. घरच्या वहीत डावीकडे बहुधा एकच नोंद असते, ‘पगार’, आणि तो शब्द पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘पाकारे’त, ज्याचा अर्थ शांत करणे. ज्याचे देणे आहे त्याला पैसे देऊन गप्प करायचे, असा सगळा प्रकार. इंग्रजीतला ‘पे’ही याच घराण्यातला. आपल्याकडे आधी ‘मुशाहिरा’ होता, अरबीतल्या ‘शहर’ म्हणजे महिना या शब्दावरून आलेला (गावाच्या ‘शहरा’शी याचा संबंध नाही). ‘वेतन’ होतेच. पण गोवा, वसई, चौल इथे पोर्तुगीज येऊन बसले, आणि ‘मुशाहिरा’ आज ऐतिहासिक कादंबरीत शोधावा लागतो, तर ‘पगार’ महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकाच्या तोंडी असतो.

‘जमा’ आणि ‘खर्च’ हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे आले. ‘जम’ म्हणजे एकत्र येणे. जमाव, जमात, लोक एकत्र येण्याचा दिवस म्हणून जुम्मा, हे सगळे एका मुळाचे. त्याच मुळापासून ‘मजमू’, म्हणजे एकूण रक्कम, आणि ती सांभाळणारा तो मजमूदार, म्हणजे आपला मुजुमदार. ‘खर्च’च्या मुळाशी आहे बाहेर जाणे, ‘खारीज’ त्याचाच भाऊ. म्हणजे आत गोळा होते ते जमा, दाराबाहेर जाते तो खर्च. या जोडीत पैशाचे नावसुद्धा नाही. धान्य, माणसे, घोडे, काहीही या दोन रकान्यांत बसते, आणि जुन्या दप्तरांत ते तसे बसवलेले दिसतेही.

उरते ती ‘बाकी’, तीही अरबी. पण मराठीने या शब्दाचे जे केले ते पाहण्यासारखे आहे. दोन ओळखीची माणसे भेटतात, पाऊसपाणी, मुलांचे निकाल वगैरे बोलून होते, आणि मग एक जण विचारतो, ‘बाकी काय?’ हिशेबातला शेवटचा आकडा गप्पांमध्ये येऊन बसला. शाळेतल्या मुलालाही तो दुसरीतच भेटतो, ‘वजाबाकी’ म्हणून. वजा केले, बाकी राहिले. गणिताच्या चार मूळ क्रियांची नावे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. गुणाकार आणि भागाकार हे संस्कृत, शास्त्राच्या पोथीतले. वजाबाकी कचेरीतली, आणि बेरीजही त्याच बाजूची. मराठेशाहीच्या महसुली कागदांत गावाच्या एकूण आकारणीला बेरीजच म्हणत. घरच्या वहीला पहिल्या दोघांची गरज क्वचित पडते.

इथे एक प्रश्न सहज मनात येतो. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्या कोशात लेखनवर्ग आहे, व्यापाराचा पण्यवर्गही आहे. मुजुमदाराचा अमात्य तेव्हाच झाला. मग ‘जमा’, ‘खर्च’, ‘बाकी’ कसे वाचले? माझे उत्तर असे की पद बदलायला आज्ञा पुरते, पण रोजची नोंद करणारा हात तोच असतो. गावचा कुलकर्णी मोडीत झरझर लिहीत होता, वाणी लिहीत होता, आणि त्यांच्या बोटांना ज्या शब्दांची सवय होती ते शब्द टिकले. किल्ल्यावर अमात्य आला, गावात आडनाव मात्र मुजुमदारच राहिले.

या लिहिण्याच्या वह्यांची नावे तर आणखी बोलकी आहेत. रोजच्या रोज, घडेल त्या क्रमाने नोंद होते ती कीर्द. फारसीत ‘कर्दन’ म्हणजे करणे, आणि कीर्द म्हणजे केलेले. मराठीत या शब्दाला दोन अर्थ होते : लागवडीखाली आणलेली जमीनही कीर्द आणि रोजच्या व्यवहाराची वहीही कीर्द. नांगर फिरला ती जमीन, लेखणी फिरली ती वही. कीर्दीतल्या नोंदी मग ज्याच्या त्याच्या नावावर उतरवायच्या, ती खतावणी. घरातली बहुतेक मंडळी कीर्दीपर्यंत येतात आणि खतावणीपाशी थकतात. तारीखवार सगळे लिहिलेले असते, पण वर्षात औषधांवर किती गेले हे विचारले तर पाने उलटत बसावे लागते. ‘रोजमेळ’ हा आणखी एक सुरेख शब्द, अर्धा फारसी आणि अर्धा संस्कृत, आणि हा सांधा कुणाला खटकत नाही.

या रोजच्या नोंदीला एक घरगुती अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो : दुधाचा हिशेब. तो वहीत नसतो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो. रोज अर्धा लिटर हे गृहीतच. चौकोनात लिहायचे ते फक्त वेगळे काही घडले तर. पाहुणे आले, एक लिटर घेतले, तर ‘१’. दूध आले नाही तर फुली, म्हणजे खाडा. खाडे मोजायचे, महिन्याच्या रकमेतून वगळायचे, संपले. कामवाल्या बाईंचे खाडेही त्याच पानावर, वेगळ्या खुणेने. नित्याचे लिहू नये, चुकलेले तेवढे लिहावे, ही कल्पना कुठल्याही हिशेबतपासनिसाला सुचली असती तर त्याने तिला मोठे नाव दिले असते. घरात तिला नावच नाही.

सगळ्या वह्या जिथे ठेवायच्या ते दफ्तर. शब्द फारसी-अरबीतून आला, पण त्याच्याही मागे ग्रीक ‘दिफ्थेरा’ आहे, म्हणजे कातडे, कारण लिहायचे ते कमावलेल्या कातड्यावर. (घशात कातड्यासारखा पडदा धरणारा घटसर्प, डिप्थेरिया, हा त्याच शब्दाचा वंशज.) इतका प्रवास करून आलेला हा शब्द मराठीत शाळेच्या पोरांच्या पाठीवर बसला, ‘दप्तर’ म्हटले की आज आपल्याला कचेरी आठवतच नाही.

किराणा आणि खरेदी यांची गोष्ट मला या सगळ्यांत सरस वाटते. ‘किराणा’ संस्कृत ‘क्रयाणक’पासून, म्हणजे विकत घ्यायच्या वस्तू, त्यात ‘क्री’ धातू, विकत घेणे. ‘खरेदी’ फारसी ‘खरीदन’पासून. पण फारसीतला ‘खरी’ आणि संस्कृतातला ‘क्री’ हे एकाच आद्य शब्दाचे दोन उच्चार आहेत. इराणी शाखेत ‘क’चा ‘ख’ झाला, इतकेच. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन बहिणी वहीच्या एका ओळीत ‘किराणा खरेदी’ म्हणून पुन्हा शेजारी येऊन बसल्या, आणि लिहिणाऱ्याचे लक्ष साखरेच्या भावाकडे होते.

‘काटकसर’ हा वरवर अगदी देशी दिसणारा शब्द. त्यातला काट काटण्याचा, कसर मात्र अरबी ‘कस्र’, म्हणजे मोड, तुटलेला तुकडा, अपूर्णांक. ‘कसर राहिली’, ‘कसर भरून काढली’ यांत तोच आहे. अपूर्णांक कापायचा, म्हणजे काटकसर. जुन्या वह्यांमध्ये हे अक्षरशः खरे होते, कारण तेव्हाचा सगळा व्यवहारच अपूर्णांकांचा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. म्हणजे रुपयात ६४ पैसे आणि १९२ पया. ‘पै न् पैचा हिशेब’ म्हणतो तेव्हा आपण रुपयाच्या एकशे ब्याण्णवाव्या भागाबद्दल बोलत असतो. त्याहून खाली दमडी आणि कवडी. दमडीतला दाम मूळचा ग्रीक द्राख्मा. संस्कृतात द्रम्म झाला, आणि अकबराच्या काळी ४० दामांचा एक रुपया होता. दमडी म्हणजे त्या दामाचा आठवा हिस्सा.

हे आकडे तोंडावर यावेत म्हणून मुलांना पाढे होते : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. आज त्यांची चेष्टा होते. पण सोळाचा एक गुण होता. सोळाचे अर्धे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. कुठेही तुकडा पडत नाही. शेर, अदशेर, पावशेर, छटाक ही मापेही तशीच अर्ध्या-अर्ध्याने उतरणारी. त्यामुळे शेराचा भाव ठाऊक असला की पावशेराची किंमत बाई वाण्याच्या आधी सांगे. अधेली म्हणजे आठ आणे, पावली चार, चवली दोन. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, रुपयाचे शंभर झाले. शंभराचे अर्धे पन्नास, त्याचे पंचवीस, आणि पुढे गाडी अडते. पावली नीट २५ झाली, पण एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. तो पाव पैसा कुणाच्या वाट्याला जायचा हा भांडणाचा विषय होता. १९६४ मध्ये ‘नये’ गळून नुसते पैसे राहिले. ‘चार आणे’ हा शब्द मात्र आणा बाद होऊनही पंचवीस पैशांच्या नाण्यावर टिकला, आणि ३० जून २०११ नंतर ते नाणेही चलनातून गेले. दशमान पद्धत सोपी आहे यात वाद नाही. घरातल्या तोंडी हिशेबाचे कसब मात्र तिने घालवले असे मला वाटते.

आता ‘बजेट’. जुन्या फ्रेंचमधली ‘बुजेत’ म्हणजे चामड्याची छोटी पिशवी. इंग्लंडचा अर्थमंत्री पार्लमेंटात आपली पिशवी उघडी, म्हणून ‘बजेट उघडणे’. १७३३ मध्ये तेव्हाचा अर्थमंत्री रॉबर्ट वॉलपोल याची टर उडवणाऱ्या एका पुस्तिकेचे नावच तसे होते. दफ्तराचे मूळ कातड्यात आणि बजेटचेही. पण दोन्हींमधला माल वेगळा. जमा, खर्च, बाकी, कीर्द हे सगळे झालेल्या गोष्टींचे शब्द. बजेट न झालेल्या गोष्टींचे असते, आणि त्यासाठी घरच्या मराठीत जुना शब्द मला सापडत नाही. अंथरूण पाहून पाय पसरायला सांगणारी म्हण आहे, वहीत रकाना नाही. सरकारी मराठीने ‘अंदाजपत्रक’ केला, पुढे ‘अर्थसंकल्प’ आला. त्यांत मला अंदाजपत्रकच प्रामाणिक वाटतो. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. तिरंदाज तीर फेकतो, गोलंदाज गोळा किंवा चेंडू, आणि अंदाज म्हणजे नजरेने फेकलेला आकडा.

५ जुलै २०१९ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन ब्रीफकेसऐवजी लाल कापडात गुंडाळलेली कागदपत्रे घेऊन संसदेत गेल्या आणि त्याला ‘बहीखाता’ म्हटले गेले. आत अर्थातच अंदाज होते. सरकारी तक्त्यात अंदाज चुकला तर पुढच्या वर्षी त्याशेजारी ‘सुधारित अंदाज’ नावाचा रकाना येतो, आणि प्रत्यक्ष आकडा त्याच्याही नंतर. घरच्या वहीत ही सोय कुणी केलेली नाही. तिथे अंदाज चुकला की डाव्या बाजूला, पगाराच्या खाली, ‘उसने’ असे लिहून समोर रक्कम आणि मेहुण्याचे नाव.