समोर काहीच नसताना चित्र कसं काढायचं? किम जंग गी यांची पद्धत समजून घ्या

एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटची परीक्षा दिलेल्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. समोर वस्तू नाही, बघायला फोटो नाही. फक्त एक विषय आणि कोरा कागद. सरळ उभा माणूस जमायचा, पण सायकलवर बसलेला किंवा ओझं उचलायला वाकलेला माणूस काढताना पेन्सिल अडायची.

दक्षिण कोरियाचे चित्रकार किम जंग गी यांनी जणू हाच पेपर आयुष्यभर सोडवला. तोही प्रेक्षकांसमोर आणि खोडरबर न वापरता.

किम जंग गी कोण होते?

त्यांचा जन्म 1975 चा. बुसानमध्ये कलेचं शिक्षण घेऊन ते कॉमिक्सकडे वळले. 2011 मध्ये बुचॉनच्या आंतरराष्ट्रीय कॉमिक्स महोत्सवात त्यांच्या स्टॉलच्या भिंतींवर कागद लावला होता. त्यावर त्यांनी लोकांसमोर थेट चित्र काढलं. त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर गाजला आणि त्यांचं नाव जगभर पोहोचलं.

पेन्सिलची आखणी का नाही?

कॉमिक्सचे चित्रकार सहसा आधी पेन्सिलने हलकी आखणी करतात आणि मग त्यावर शाई फिरवतात. किम अनेकदा थेट ब्रश पेन उचलायचे. कागदाच्या एखाद्या जागेपासून सुरुवात करून माणसं, प्राणी, गाड्या जोडत जायचे. तरीही शेवटी सगळं एकाच दृश्यात चपखल बसायचं.

याचा अर्थ आखणी होत नव्हती, असा नाही. ती मनात होत होती. क्षितिजरेषा कुठे आहे, बघणारा कुठे उभा आहे, हे आधीच ठरलेलं असायचं. मग प्रत्येक गोष्ट त्या हिशेबाने लहान-मोठी व्हायची.

ही दैवी देणगी होती का?

किम यांचं उत्तर साधं असायचं: निरीक्षण आणि सराव. लष्करी सेवेत ते विशेष दलात होते. तिथे पाहिलेली शस्त्रं आणि वाहनं पुढे त्यांच्या चित्रांत बारकाव्यांसह दिसू लागली.

पण नुसतं बघणं पुरेसं नसतं. ते वस्तूची रचना समजून घ्यायचे. उदाहरणार्थ, रिक्षा घ्या. ती फक्त समोरून पाठ केली, तर समोरूनच काढता येईल. पण तिच्याकडे आधी एक खोका म्हणून पाहिलं, चाकं कुठे जोडली आहेत, टप कुठून वाकतो हे कळलं, तर तो खोका मनात कसाही फिरवता येतो. वरून, मागून, कलंडलेला. माणसाच्या शरीराचंही तेच. म्हणजे कल्पनेतलं चित्र शून्यातून येत नाही. आधी समजून घेतलेल्या गोष्टींची ती नवी मांडणी असते.

हे शिकता येतं का?

हो. 19 व्या शतकात पॅरिसमध्ये ओरास लकोक द ब्वाबोद्राँ हे शिक्षक विद्यार्थ्यांकडून स्मरणातून चित्रं काढून घ्यायचे. शिल्पकार ऑग्युस्त रोदँ हे त्यांचेच विद्यार्थी.

घरीही हा सराव करता येतो. किटलीसारखी वस्तू 3 मिनिटं नीट बघा आणि मग नजरेआड करा. आठवेल तशी पेन्सिलने काढा. नंतर वस्तू समोर ठेवून चुका तपासा. दुसऱ्या दिवशी तीच वस्तू वेगळ्या कोनातून, न बघता काढा. जिथे हात अडेल, तिथे आपण फक्त पाहिलं होतं, समजून घेतलं नव्हतं, हे लक्षात येतं.

मृत्यूनंतरचा वाद

3 ऑक्टोबर 2022 रोजी पॅरिसमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने किम यांचं निधन झालं. ते अवघे 47 वर्षांचे होते. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या चित्रांवर प्रशिक्षित केलेलं एक एआय मॉडेल इंटरनेटवर आलं. त्यांच्या शैलीतली चित्रं कुणालाही बनवता येतील, असा त्यामागचा विचार होता. अनेक चित्रकार त्यावर संतापले. परवानगी आणि श्रेय यांवरचा तो वाद आजही संपलेला नाही.

मॉडेलला तयार चित्रं मिळाली. पण किम यांना बघण्यासाठी लोक तासन् तास उभे राहायचे ते फक्त तयार चित्रासाठी नव्हे. कोऱ्या कागदावर पुढची रेघ कुठे उमटणार, हे त्यांना बघायचं असायचं. ती रेघ वर्षानुवर्षं बघून आणि समजून घेऊन आलेली असायची. स्मरणचित्राच्या पेपरात अडलेल्या प्रत्येकाला त्यामागची मेहनत लगेच कळेल.