निष्कास-वायूंचे मापन आणि काळाचा प्रश्न

शास्त्रीय उपकरणांच्या परिभाषेत 'प्रतिसाद' हा शब्द आता रूढ झाला आहे. सादेला मिळणारे उत्तर, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु एखाद्या उपकरणाचा प्रतिसाद मंद आहे असे आपण म्हणतो, तेव्हा दोन भिन्न दोषांना एकच नाव देत असतो. उत्तर उशिरा येणे हा एक दोष. उत्तर लांबत जाऊन पुसट होणे हा दुसरा. पहिल्यास विलंब म्हणावे, दुसऱ्यास विस्तार. विलंब मोजून वजा करता येतो. विस्तारात जे मिसळून गेले ते पुन्हा वेगळे करणे दुष्कर असते. मोटारीच्या एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या मापनाचा इतिहास केवळ संवेदकांच्या शोधांची जंत्री म्हणून सांगितला, तर हा भेद नजरेआड होतो आणि त्याबरोबर इतिहासाचे मर्मही.

या मापनाचे पहिले साधन मोटारीसाठी निर्माण झालेच नव्हते. १९३८ साली जर्मनीत कार्ल लुफ्ट यांनी अवरक्त किरणांच्या शोषणावर चालणारा वायु-विश्लेषक सिद्ध केला. त्याचे 'उरास' हे नाव ज्या जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांतून बनले, त्यांचा अर्थ 'अवरक्त-शोषण-लेखक' असा आहे. हा लेखक रासायनिक कारखान्यातील वायूंसाठी होता, आणि तेथे बदल सावकाश होत. पुढे १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी आरी हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या धूरमिश्रित धुक्याचे मूळ हायड्रोकार्बन, नत्राची ऑक्साइडे आणि सूर्यप्रकाश यांच्या विक्रियेत आहे असे दाखविले, तेव्हा मोटारीचा निष्कास मोजणे हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला. कॅलिफोर्नियाने १९६६ च्या मोटारींपासून निष्कासावर मर्यादा घातली. त्यासाठी १३७ सेकंदांचे, सात अवस्थांचे चक्र पुनःपुन्हा चालवून वायूंचे प्रमाण नोंदले जाई.

येथे अडचण उघड झाली. मिनिटास १,५०० फेरे घेणाऱ्या चतुर्घाती एंजिनाचे एक आवर्तन ८० सहस्रांश सेकंदांत पुरे होते. ज्या उपकरणास बदल दाखविण्यास एक सेकंद लागतो, त्याच्या एका वळणात अशी बारा आवर्तने मिसळून जातात. ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकांस हे अपरिचित नाही. कायमोग्राफच्या जड लेखणीखाली स्फोटक व्यंजन आणि त्यामागून येणारा स्वर यांची सीमा अशीच पुसली जाई.

या अडचणीवर तीन प्रकारची उत्तरे देण्यात आली. पहिले उत्तर काळाचाच त्याग करण्याचे. अमेरिकेच्या संघीय चाचणीत १९७२ पासून सर्व निष्कास हवेत मिसळून, मिश्रणाचा एकूण प्रवाह स्थिर राखून, त्याचा ठराविक अंश पिशवीत साठविण्यात येऊ लागला. चाचणी संपल्यावर पिशवीतील वायू स्वस्थपणे मोजावा. मग उपकरण मंद असले तरी बिघडत नाही. एकूण बेरीज अचूक मिळते. मात्र कोणत्या क्षणी किती वायू सुटला, याचे उत्तर पिशवी देऊ शकत नाही.

दुसरे उत्तर संशोधकांचे होते. १९६२ साली डॅनियल व वेंटवर्थ यांनी, आणि १९७२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील टाबाझिन्स्की, हेवुड व कीक यांनी, ठराविक क्षणीच उघडणाऱ्या झडपेने नमुने घेतले. प्रत्येक आवर्तनात तोच एक क्षण टिपून अनेक आवर्तनांचे नमुने एकत्र करावयाचे, ही त्यामागील युक्ती. निष्कास-घाताच्या अखेरीस, दट्ट्याने भिंतीलगतचा न जळलेला वायू बाहेर लोटताच, हायड्रोकार्बनचे प्रमाण एकाएकी चढते हे त्यातून कळले. तथापि हे चित्र अनेक आवर्तनांच्या सरासरीचे होते. एखादे आवर्तन चुकले, तर ते त्यात दिसत नसे.

तिसऱ्या उत्तराची सामग्री बराच काळ हाताशी होती. हायड्रोजनच्या ज्योतीत कर्बयुक्त वायू जळताना आयन निर्माण होतात, या तत्त्वावरील शोधक १९५७-५८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मॅकविल्यम व ड्यूअर यांनी आणि दक्षिण आफ्रिकेत हार्ले, नेल व प्रिटोरियस यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केला. त्यांचे लक्ष्य वायु-वर्णलेखन होते. ज्योतीतील ही क्रिया मूलतःच शीघ्र आहे. मंदपणा येत होता तो तिच्यापर्यंत वायू आणणारी लांब तापविलेली नळी, गाळणी आणि पंप यांतून. केंब्रिज येथे निक कॉलिंग्ज आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ च्या सुमारास ही ज्योतच एंजिनाजवळ नेली. निष्कासाचा दाब आवर्तनागणिक हेलकावे घेतो. तो थेट ज्योतीवर आला तर नोंद खोटी ठरते. यास्तव वायू प्रथम स्थिर, अल्प दाबाच्या लहानशा कक्षात ओढून घ्यावयाचा आणि तेथून केसासारख्या बारीक नळीने ज्योतीस द्यावयाचा, अशी योजना त्यांनी केली. प्रतिसाद काही सहस्रांश सेकंदांवर आला आणि प्रत्येक आवर्तन वेगळे दिसू लागले. वेग वाढला तो नव्या संवेदकामुळे नव्हे, तर जुन्या संवेदकाच्या वाटेतील अडथळे काढल्यामुळे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हा भेद आज केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही. निष्कासाचे वस्तुमान काढताना वायूचे प्रमाण आणि त्या क्षणीचा प्रवाह यांचा गुणाकार करावा लागतो. प्रमाणाची नोंद उशिराची आणि प्रवाहाची नोंद तत्काळची असेल, तर एका क्षणाच्या प्रमाणास दुसऱ्याच क्षणाच्या प्रवाहाने गुणले जाते आणि बेरीजही चुकते. विलंब जुळवून घेता येतो. विस्तार गणिताने उलटविण्याचा प्रयत्न केला, तर उपकरणातील बारीकशी अस्थिरताही मोठी होऊन पुढे येते. प्रयोगशाळेत या पेचातून पिशवीने सोडविले होते. परंतु युरोपात २०१७ पासून आणि भारतात एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणी बंधनकारक झाली. धावत्या गाडीवर सर्व निष्कास मिसळून साठविण्याची ती सोय नसते. तेथे क्षणाक्षणाचे प्रमाण आणि क्षणाक्षणाचा प्रवाह यांवरच निर्णय अवलंबून राहतो. पिशवीने बाजूस सारलेला काळाचा प्रश्न अशा रीतीने अर्धशतकानंतर परत आला आहे.

उपकरणाच्या आलेखाकडे पाहताना म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाने एक प्रश्न प्रथम विचारावा: समोरचे वळण एंजिनाचे आहे, की नळीचे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत दोष कोणाचा, हे ठरविण्याचा अधिकार आपणांस येत नाही.