पंख्याच्या वरची दांडी

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. मुंबई–आग्रा रस्त्यावरचं जुनं गाव. डोंगरावर किल्ला, किल्ल्यावर खोल विहीर आणि पायथ्याला तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात नाव कमावलेली तांबट मंडळी. गावाची ओळख सांगताना एवढं सगळे सांगतात. गाव दोन धावपट्ट्यांच्या मधे येतं, हे मात्र कुणी सांगत नाही. दक्षिणेला धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आहे, ती 1974 ची. उत्तरेला शिरपूरजवळ तांड्याची. दोन्हीकडे विमान चालवायला शिकणारी पोरं-पोरी येतात. गोंदूरला तळ ठेवणारा बॉम्बे फ्लाइंग क्लब तर 1928 चा. जे. आर. डी. टाटा याच क्लबात शिकले आणि 10 फेब्रुवारी 1929 ला देशातला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या हाती पडला.

म्हणजे शिकाऊ विमान खानदेशाला नवं नाही. हेलिकॉप्टरचं तसं नाही. निवडणुकीच्या दिवसांत शेतात चुन्याचा गोल आखून ते उतरवतात, गाव लोटतं, धूळ उडते आणि पाहुणा भाषण करून निघून जातो. ते चालवायला कुठे शिकवतात, हे पाहायचं तर याच महामार्गाने नाशिक गाठावं लागतं. नाशिक रोडच्या गांधीनगरात सैन्याची हवाई प्रशिक्षण शाळा आहे. तिथे शिकवण्यासाठी वर्षानुवर्षं वापरलेली यंत्रं दोन, चेतक आणि चीता.

यातला चीता मूळचा फ्रान्सचा. तिथे त्याचं नाव लामा. भारतीय सेनादलांना हिमालयाच्या विरळ हवेत चालेल असं हलकं हेलिकॉप्टर हवं होतं. त्या मागणीवरून फ्रेंचांनी जुन्या आलूएत-2 च्या सांगाड्यात आलूएत-3 चं दमदार इंजिन बसवलं आणि 17 मार्च 1969 ला ते उडवलं. पुढे बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवाना घेऊन ते इथे बनवलं. 21 जून 1972 ला झां बुले हा फ्रेंच वैमानिक एक लामा 12,442 मीटर उंचीवर घेऊन गेला. खाली येण्यासाठी त्याने जोर कमी केला, तशी गोठलेल्या हवेत इंजिनाची आग विझली ती विझलीच. बुलेने पाती वाऱ्यावर फिरती ठेवली आणि इंजिनाविना सगळं अंतर उतरून जमीन गाठली. उंचीचा विक्रम करायला गेलेला माणूस इंजिन बंद पडूनही खाली कसं यायचं, तेही दाखवून आला.

आता हाच लामा खेळण्यात कसा आला ते पाहू. 2005 च्या सुमारास चिनी कंपन्यांनी नवशिक्यांसाठी बॅटरीवरची छोटी हेलिकॉप्टरं बाजारात ओतली. त्यांतलं गाजलेलं एक म्हणजे ई-स्कायचं लामा. काचेचा बुडबुडा, उघड्या नळ्यांची शेपटी, सगळं थेट चीत्यासारखं. फसवणूक आत होती. खऱ्या लामाला वर एकच पंखा असतो आणि शेपटीवर एक छोटा. खेळण्याला एकाच दांड्यावर एकावर एक दोन पंखे, उलटसुलट दिशांना फिरणारे. शेपटीवरचं चक्र निव्वळ शोभेचं. मोडून फेकलं तरी यंत्र पूर्वीसारखंच उडतं!

ही लबाडी शिकणाऱ्याच्या भल्याची होती. हेलिकॉप्टरचा पंखा एका दिशेला फिरतो, तेव्हा खालचा सांगाडा उलट दिशेला फिरू पाहतो. त्याला आवरायला शेपटीचा पंखा लागतो, आणि नवशिक्याची पहिली फजिती तिथेच होते. जोर वाढवला की शेपटी एकीकडे पळते, कमी केला की दुसरीकडे. इगोर सिकोर्स्कीसुद्धा या शेपटीने हैराण झाला होता. त्याचं व्हीएस-300 सप्टेंबर 1939 मध्ये दोर बांधून जमिनीपासून उचललं गेलं, पण शेपटीची रचना तो पुढची दोन वर्षं बदलतच होता. एका टप्प्यावर मागे तीन-तीन पंखे होते. दोन उलट पंख्यांच्या खेळण्यात हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही ओढी एकमेकींना मारतात, आणि वळायचं असेल तर एक मोटर किंचित जास्त पळवायची.

पण या खेळण्यातला खरा ऐतिहासिक ऐवज सगळ्यात वर आहे. वरच्या पंख्याच्या डोक्यावर, पात्यांना तिरकी, एक बारीक दांडी असते. दोन्ही टोकांना वजनाचे मणी. खोकं उघडणाऱ्याला ती सजावट वाटते. ती काढून पाहणाऱ्याचं हेलिकॉप्टर पहिल्याच उड्डाणात आडवं होतं.

ही दांडी आर्थर यंग या अमेरिकन माणसाची. गणित शिकलेला हा तरुण 1928 मध्ये हेलिकॉप्टरच्या नादी लागला. पैसा घरचा होता, घाई नव्हती. इतर लोक माणूस बसेल एवढी यंत्रं बांधत होते, ती मोडत होती, आणि एकेका अपघातात वर्षभराची मेहनत मातीत जात होती. यंगने ठरवलं, आपण लहानच बांधायचं. मोडलं तर दोन दिवसांत पुन्हा उभं राहील. पेनसिल्व्हेनियातल्या पाओली गावी एका जुन्या कोठारात तो रबराच्या दोरीवर, मग विजेच्या मोटरवर चालणारी मॉडेलं उडवत राहिला, पाडत राहिला. हवेत स्थिर राहणारं मॉडेल हवं होतं, पण प्रत्येक मॉडेल झोके घेत घेत शेवटी आडवं पडत होतं. अखेर त्याने पंख्याच्या दांड्यावर वजनदार दांडी जोडली आणि पात्यांचा तिरकेपणा तिच्याशी बांधला. फिरती दांडी आपली पातळी सहजी सोडत नाही. सांगाडा कलला तरी ती सपाटच राहू पाहते आणि पात्यांनाही तशीच ठेवते. 1941 मध्ये यंगचं विजेवरचं, तारेने चालवलं जाणारं मॉडेल कोठाराच्या दारातून बाहेर जाऊन परत आत येण्याइतकं शहाणं झालं होतं. ते बेल कंपनीला दाखवल्यावर कंपनीने त्याला नोकरीवर घेतलं आणि 8 मार्च 1946 ला बेल-47 ला नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालं. नागरी वापरासाठी असं प्रमाणपत्र मिळालेलं हे पहिलं हेलिकॉप्टर.

विजेची मोटर, दुरून हुकूम, वर स्थिर ठेवणारी दांडी. नवशिक्याचं आजचं खेळणं ही खऱ्या हेलिकॉप्टरची नक्कल आहे असं आपण समजतो. इथे तर खेळणं आधी आलं आणि त्यावरून खरं यंत्र घडलं.

बिनतारी मॉडेलला मात्र आणखी तीस वर्षं लागली. विमानांची मॉडेलं केव्हाच उडत होती. आपल्याकडेही एनसीसीचा हवाई विभाग 1950 मध्ये मुंबई आणि कलकत्त्यात सुरू झाला, आणि दोन तारांच्या टोकाला गरगर फिरणारी बाल्सा लाकडाची विमानं कॉलेजच्या मैदानांवर दिसू लागली. हेलिकॉप्टर कुणाला वश होईना. 1970 च्या सुमारास डीटर श्लूटर या जर्मन अभियंत्याने ते साधलं आणि त्याच्या आराखड्यावरचे संच विकायला आले. त्यांत मिथेनॉलच्या इंधनावरचं, किंचाळणारं इंजिन असे. शेपटी सांभाळणारा जायरो सत्तरच्या दशकाच्या शेवटी आला. त्याआधी शिकलेल्यांनी शेपटी निव्वळ अंगठ्याने सांभाळली. त्या पिढीची या बाबतीतली घमेंड अजून गेलेली नाही, आणि ती रास्तही आहे.

भारतात अडचण रेडिओचीही होती. जुने रिमोट ज्या लहरींवर चालत, त्यांत प्रत्येकाला ठरावीक स्फटिक लागे. मैदानात दोघांचा स्फटिक एकच निघाला, तर एकाचं यंत्र दुसऱ्याचं ऐकायचं. 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्‍झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांना विनापरवाना खुला झाला. त्या पट्ट्यावरचे रिमोट आले, तेव्हा हा गोंधळ मिटला.

दोन पंख्यांचं ते खेळण्यातलं हेलिकॉप्टर बिघडतं तेव्हा पहिला प्रश्न हाच, की चूक हाताची की यंत्राची? नवशिका नेहमी स्वतःला दोष देतो आणि रिमोटच्या काड्यांशी झगडत बसतो. निम्म्या वेळा दोष यंत्रात असतो. वर उचलताच ते एकाच दिशेला गिरक्या घेत असेल, तर दोन मोटरींपैकी एकीचा दम संपलेला असतो. या मोटरींतले कार्बन झिजतात, आणि खानदेशच्या फुफाट्यात जरा लवकरच. किंवा नुसती मापाची गफलत असते. आतल्या पाटीवर दोन बारीक स्क्रू असतात. एक दोन्ही मोटरींचं प्रमाण जुळवतो, दुसरा जायरोची तीव्रता. पेचकसाने एकदम मोठा फेरा दिला की काम बिघडलंच. घड्याळाच्या काट्याच्या एका मिनिटाएवढं फिरवायचं आणि पुन्हा उचलून पाहायचं. बॅटरी जोडताच यंत्र हलवलं, तर जायरोला स्थिर म्हणजे काय हेच कळत नाही. म्हणून रिमोट आधी चालू करायचा, मग बॅटरी, आणि दिवा स्थिर होईपर्यंत हात दूर. बंद करताना बरोबर उलटा क्रम.

आवाजही बोलतो. ठोक्याच्या नादावरून पत्रा कुठे बसला आणि कुठे पोकळ राहिला, हे सोनगीरच्या तांबटाला कळतं. पंख्याच्या गुणगुणीचंही तसंच आहे. सुरात चाललेलं यंत्र एकसारखं वाजतं. त्यात थरथर मिसळली की आतला दांडा वाकलेला असण्याचा संभव मोठा. तो काढून काचेवर लोळवायचा. सरळ असेल तर गुळगुळीत घरंगळतो, वाकडा असेल तर खालून उजेड दिसतो. पाती स्क्रूने आवळून घट्ट केली तरी थरथर येते, कारण फिरताना ती आपली आपण सरळ व्हायला हवीत. आणि जागच्या जागी राहायचं सोडून यंत्र मोठमोठ्या गोलात फिरू लागलं, की आधी यंगच्या दांडीचा जोड तपासायचा. तो घट्ट झालेला किंवा ढिला पडलेला असतो. शेवटी तीच दांडी दोन बोटांत धरून हेलिकॉप्टर लटकवायचं. नाक खाली गेलं तर बॅटरी मागे सरकवायची.

शिकण्याची रीतही ठरलेली आहे. खाली काड्यांचा फुलीसारखा पाय बांधायचा, टोकांना चेंडू. शेपटी आपल्याकडे ठेवायची, म्हणजे उजवं ते उजवंच राहतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर थांबवायचा मोह होतो, आणि तीच जागा सगळ्यात वाईट, कारण पंख्याचा स्वतःचाच वारा जमिनीवर आपटून परत येतो. गुडघ्याच्या वर नेलं की यंत्र शांत होतं. नाक आपल्याकडे वळवायचा धडा सगळ्यात शेवटी, कारण तिथे डावं-उजवं उलटतं आणि भल्याभल्यांचे अंगठे चुकतात. सोनगीरसारख्या ठिकाणी अडचण जागेची नाही, वाऱ्याची आहे. वारा नको तेवढा! याच जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांचं रान उभं आहे, ते काही उगीच नाही. मग सूर्य वर यायच्या आत उडवायचं, नाहीतर घराच्या मोठ्या खोलीत. उन्हाळ्यात दुपारी हवा तापून विरळ होते, पंख्याला जास्त फिरावं लागतं, मोटर तापते आणि लिथियमची बॅटरी फुगते.

छोट्या यंत्राच्या या खटाटोपाला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी यवतमाळ जिल्ह्यातलं फुलसावंगी आठवावं. तिथल्या 24 वर्षांच्या एका कारागीर तरुणाने मोटारीचं इंजिन लावून स्वतःचं हेलिकॉप्टर बांधलं. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी घेताना मागच्या पंख्याचं पातं तुटून मुख्य पंख्यावर गेलं आणि त्या अपघातात तरुणाचा जीव गेला. हुशारी होती, हात होता, जिद्द होती. नव्हतं ते यंगचं कोठार, जिथे पातं शंभरदा तुटलं तरी ते कुणाच्या डोक्यात जात नाही. वर्तमानपत्रांनी त्या मुलाला सिनेमातून प्रेरणा मिळाल्याचं छापलं. तो सिनेमा ‘थ्री इडियट्स’, 2009 चा. त्यात वसतिगृहाच्या खिडकीपाशी उडणारं यंत्र खरं होतं. आयआयटी मुंबईतून निघालेल्या तरुणांच्या आयडियाफोर्ज कंपनीने ते बनवलं होतं, आणि त्याला शेपटी नव्हतीच. चार कोपऱ्यांना चार पंखे होते.

त्या चार पंख्यांनी छोट्या लामाचं दुकान बंद केलं. दांडी गेली, शेपटी गेली, पात्यांचा तिरकेपणा बदलणारे जोड गेले. तोल सावरायचं काम आता चिप करते. सरकारचं धोरणही डगमगत का होईना, मागोमाग आलं. ऑक्टोबर 2014 च्या सूचनेने नागरी ड्रोनवर जवळपास बंदीच होती, 2018 च्या नियमांनी ती उठली, 25 ऑगस्ट 2021 च्या नियमांनी अटी आणखी सैल झाल्या आणि त्यांत 250 ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला वैमानिक परवान्याची गरज ठेवली नाही. आता कापसावर फवारणी करणारे ड्रोन शिवारात येताहेत. 2023 मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 महिला बचत गटांसाठी 1,261 कोटी रुपये ठेवले गेले.

बिघाड मात्र संपले नाहीत. बांधावर ट्रॅक्टरच्या लोखंडी ट्रॉलीला खेटून ड्रोनचं होकायंत्र जुळवलं, तर तो वर जाऊन जागच्या जागी थांबत नाही, वाढत्या गोलात फिरू लागतो. जुन्या लामावाल्यांना हा गोल ओळखीचा आहे. ते सवयीने दांडीचा जोड शोधतील, आणि इथे दांडीच नाही. उतरवायचं, ट्रॉलीपासून पंचवीस-तीस पावलं लांब जायचं, खिशातला मोबाइलही बाजूला ठेवायचा आणि होकायंत्र पुन्हा जुळवायचं.