बारा बोटांचं आतडं

झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडे, धानाच्या रोवणीत दोन रोपांतलं अंतर वितीनं सांगितलेलं सगळ्यांना कळतं. वीत आली संस्कृत ‘वितस्ति’वरून, आणि वितस्तीचं माप बारा अंगुळं. जठराला लागून असलेल्या आतड्याच्या पहिल्या तुकड्यालाही ग्रीकांनी हेच माप लावलं. इसवी सनापूर्वी 300च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या हिरोफिलस या वैद्यानं तो मोजला, बारा बोटं भरला आणि तेच नाव पडलं. आजच्या हिशेबानं सुमारे 25 सेंटिमीटर. नाव पुढे अरबीत गेलं, तिथून 12व्या शतकात अनुवादक जेरार्ड ऑफ क्रेमोनानं लॅटिनमध्ये आणलं. या प्रवासात बोटं गळाली. ‘ड्युओडेनम’मध्ये उरले नुसते बारा. जर्मन मात्र अजून ‘बाराबोटी आतडं’च म्हणतात.

याच आतड्याचं आपलं नाव ‘ग्रहणी’ मापावरून नाही, कामावरून आलं. ‘ग्रह्’ म्हणजे धरणं. अन्न पिकेपर्यंत धरते ती ग्रहणी, असं आयुर्वेद सांगतो. मला हे नाव सरस वाटतं. जठरातला आंबट लगदा इथे थोडाथोडा उतरतो, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस याच वाटेवर येऊन मिळतो, आम्ल मारलं जातं. अन्नातलं लोहही शरीर मुख्यतः इथेच घेतं. बोलण्यात मात्र ग्रहणीचा अवयव हरवला आणि राहिली ‘संग्रहणी’, पोट न धरण्याचा जुना आजार! शास्त्रीय मराठीतला ‘आद्यांत्र’ अर्थाला चोख, पण जिभेवर बसत नाही.

लॅटिन नावाचा एक धागा रानातल्या मातीपर्यंतही येतो. 1838 साली मिलानच्या दुबिनी या डॉक्टरला एका शेतकरी बाईच्या शवविच्छेदनात आतड्यात बारीक कृमी दिसले. त्यानं नाव दिलं ‘अँकिलोस्टोमा ड्युओडेनाले’, म्हणजे बाराबोटी आतड्यातला वाकड्या तोंडाचा. आपण म्हणतो अंकुशकृमी. ग्रीक ‘अँकिलोस’ आणि आपला ‘अंकुश’ एकाच मुळाचे, ‘वाकणे’ या अर्थाच्या. म्हणजे भाषांतर करणाऱ्याला नकळत सख्खा शब्दच सापडला.

या कृमीची अळी ओल्या, सावलीच्या मातीतून अनवाणी पायात शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, घशाशी येऊन गिळली जाते आणि लहान आतड्यात रुतून रक्त पिते. लोह जिथून आत येतं, त्याच्याच शेजारी गळती. म्हणूनच रक्त कमी असलेल्या बाईला लोहाच्या गोळीबरोबर जंताचीही गोळी देतात.