पदवीचा उंबरठा

वैद्यकाच्या आधी शास्त्रविषय घेऊन पदवी मिळवावी, हा अमेरिकेतील दंडक एका बाईंच्या आग्रहाने रुजला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे वैद्यकीय विद्यालय द्रव्याअभावी अडले होते. मेरी गॅरेट यांनी तीन लाखांहून अधिक डॉलर देऊ केले. त्यांच्या मुख्य अटी दोन : स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश, आणि प्रवेशार्थी पदवीधर, त्यास रसायन, पदार्थविज्ञान, जीवशास्त्र यावे, शिवाय फ्रेंच व जर्मनही! १८९३ साली विद्यालय उघडले. आपण अध्यापक म्हणून शिरलो हे नशीब, विद्यार्थी म्हणून कधीच शिरलो नसतो, असे डॉ. ऑस्लर सहकाऱ्याजवळ थट्टेने म्हणाल्याचे सांगतात.

१९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने हाच कित्ता साऱ्या देशापुढे ठेवला. निकृष्ट विद्यालये मिटली, हे आमच्या मते योग्यच झाले. परंतु कृष्णवर्णीयांच्या सात विद्यालयांपैकी पाचही पुढील काही वर्षांत मिटली, आणि निर्धनाची वाट लांबली ती लांबलीच.

येथे आम्हांस आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६ साली फिलाडेल्फियास त्या डॉक्टर झाल्या, त्या महाविद्यालयाच्या पदवीवाचून. अवघ्या सात वर्षांनी स्त्रियांसाठी म्हणून उघडलेल्या बाल्टिमोरच्या त्या दारात त्यांना अडविले गेले असते.