रिमफायर पिस्तूल-रिव्हॉल्व्हर नेमबाजी

.२२ लाँग रायफल काडतूस वापरून केलेली अचूक नेमबाजी. या काडतुसाच्या बुडाच्या पोकळ कडेत स्फोटक द्रव्य असते. कडेवर आघात होताच बार उडतो. धक्का सौम्य आणि गोळी स्वस्त, त्यामुळे सरावासाठी ते उत्तम. खानदेशात वरणगाव (जि. जळगाव) येथील आयुध निर्माणीत बनणारी सैनिकी काडतुसे मात्र बुडाच्या मध्यभागी आघात होऊन उडतात.

लांब नळीमुळे नेम साधण्याच्या पुढच्या व मागच्या खुणांतील अंतर वाढते आणि नेमातली बारीक चूकही लगेच दिसते. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे ओढून ठेवल्यास चाप हलका चालतो व हात स्थिर राहतो.

महिलांच्या २५ मीटर ऑलिंपिक स्पर्धेत नळी कमाल १५३ मिमी. व चापाचा ताण किमान १ किग्रॅ. असावा लागतो. ३० गोळ्या संथ, ३० जलद झाडतात. जलद फेरीत प्रत्येक गोळीला ३ सेकंद मिळतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.